तरुणांच्या गळ्यात माळ कोणी घालावी?



मुलांना आपल्या वाटेने चालवावे, की त्यांच्या बुद्धीने त्यांना चालू द्यावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीत बापाला पडत आला आहे. खेड्यात तो फारसा बोलून दाखवला जात नाही. आजा वारीला गेला, बाप गेला, पोरगा खांद्यावर पताका घेऊन निघाला; विचारतो कोण? पण मुंबईच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या माळकरी घरांत हा प्रश्न आता जेवणाच्या पानावर येऊन बसतो, आणि उत्तर देताना बापाचा घास हातातच राहतो.

विलेपार्ल्याचेच घ्या. लोकमान्य १९२० साली गेले आणि दुसऱ्याच वर्षी तेथे पार्ले टिळक विद्यालय निघाले. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला, १९५९ साली पार्ले कॉलेज, ज्याला आज साठ्ये कॉलेज म्हणतात. स्टेशनाच्या दोन्ही अंगांना पुढे आणखी कॉलेजे झाली. शिकल्यासवरल्यांचे गाव. तिथे सकाळी हरिपाठ म्हणणारा बाप आणि दुपारी तर्कशास्त्राच्या तासाला बसणारा मुलगा एकाच खोलीत राहतात. अशाच एका घरच्या गृहस्थांचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे वडील साताऱ्याकडून मुंबईस आले, गिरणीत राबले, पण आषाढी चुकवली नाही. हे स्वतः नोकरीमुळे आळंदी ते पुणे एवढेच पायी चालतात, पण एकादशी आणि हरिपाठ सांभाळून आहेत. मुलगा सात वर्षांचा असताना त्यांनी पंढरपुरात त्याच्या गळ्यात माळ घालवली. आता तो एकोणीस वर्षांचा आहे. मध्यंतरी एक दिवस त्याने माळ उतरवली, देव्हाऱ्यात ज्ञानेश्वरीवर नीट ठेवली आणि बापाला म्हणाला, “बाबा, ही तुम्ही घातलीत, मी घातलेली नाही. मला पटली तर मी मागून घेईन.”

पत्रात पुढे लिहिले आहे : “पोरगं वाईट नाही हो. व्यसन नाही, उलट बोलणं नाही. पण माझी बुद्धी, माझं आयुष्य, माझी जबाबदारी, असं सारखं चाललेलं असतं. असलं तत्त्वज्ञान मुलांना शिकवावं तरी का?”

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, कान धरून माळ पुन्हा घाला. दुसरा म्हणतो, सोडा हो, लग्न झालं, संसाराचे चटके बसले की आपोआप येईल विठ्ठलाकडे. वरवर पाहता हे सल्ले उलट दिसतात, पण दोघांचे म्हणणे आतून एकच आहे : मुलाने विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. एकाला तो उद्धटपणा वाटतो, दुसऱ्याला वयाचा ताप. आम्हांस हे दोन्ही मान्य नाही. पोराने जे विचारले ते विचारण्यासारखेच आहे, आणि आपल्या संप्रदायाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

तो कोणती पुस्तके वाचतो हे पत्रात आले आहे. आयन रँड ही बाई १९०५ साली रशियात जन्मली, १९२६ साली अमेरिकेत गेली आणि तिथे तिने जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. ‘द फाउंटनहेड’ १९४३ ची आणि ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ १९५७ ची. दोन्ही मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणल्या आहेत. बाईंचे म्हणणे थोडक्यात असे की माणसाने आपल्या बुद्धीशिवाय दुसरे प्रमाण मानू नये, आपल्या कष्टाचे आपण धनी व्हावे, आणि दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देणे हा सद्गुण समजू नये. वीस वर्षांच्या मुलाला हे वाचून अंगात वारे भरल्यासारखे होते, यात नवल नाही. त्याला आजवर सर्वांनी ‘ऐक’ असेच सांगितलेले असते. ‘तू ठरव’ असे म्हणणारे त्याला पहिल्यांदाच कोणी भेटलेले असते.

पण त्याच बाईंच्या चरित्रातला पुढचा भाग मुलाला कोणी सांगत नाही. १९५८ साली त्यांचे शिष्य नॅथनिएल ब्रँडन यांनी न्यूयॉर्कला हे तत्त्वज्ञान तरुणांना शिकवण्यासाठी व्याख्यानांचे वर्ग काढले, संस्था केली. दहा वर्षे ती जोरात चालली. १९६८ साली गुरू आणि पट्टशिष्य यांचे बिनसले, बाईंनी त्यांना जाहीरपणे दूर केले, संस्था बंद पडली, आणि अनुयायांनी कोणाच्या बाजूला उभे राहायचे हे ठरवण्याची वेळ आली. स्वतःच्या बुद्धीने चाला असे शिकवणाऱ्या मंडळींत वाळीत टाकणे आले! हे आम्ही कुत्सितपणे लिहीत नाही. आपल्या फडांत आणि मठांत असले तंटे झालेच नाहीत असे कोण म्हणेल? मुद्दा एवढाच की ‘स्वतः विचार कर’ हेही एक वाक्यच आहे आणि ते घोकता येते. घोकणारा पुन्हा दुसऱ्याच्याच विचाराने चालला.

म्हणून कोणते पुस्तक वाचावे याचा वाद आम्ही घालत नाही. मुलाच्या हातात विवेक येतो कसा, हा खरा प्रश्न.

त्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. अत्यंत गरिबीत शिकले. एम. ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी मिळत असता, ती आपण करणार नाही असे त्यांनी आईला पत्राने कळवले, आणि १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कुलाच्या कामाला वाहून घेतले. टिळकांबरोबर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. पुढे मते जुळेनात तेव्हा केसरी सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. रूढी जुनी आहे म्हणून खरी नव्हे, लोक म्हणतात म्हणून खरी नव्हे, प्रत्येकाने ती आपल्या बुद्धीवर घासून पाहिली पाहिजे, हे त्यांचे सांगणे. लोकांनी ते जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली ते गेले, तेव्हा वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्या मरणाचा भार दुसऱ्यावर पडू नये, इथवर त्यांची जबाबदारीची कल्पना गेली होती.

आगरकर देव मानत नव्हते. वारकऱ्यांच्या मासिकात त्यांचे नाव आदराने कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. टिळक आणि आगरकर एका ताटातले मित्र, आणि दोघांचे भांडणही तितकेच खरे; पार्ल्याच्या शाळेवर टिळकांचे नाव आहे, तरी त्या गावच्या आमच्या पत्रलेखकाच्या घरात जो प्रश्न निघाला तो आगरकरांचा आहे. आणि आगरकरांच्या चरित्रातील एक गोष्ट आपण माळकऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, व्रतवैकल्ये करीत, सोवळेओवळे पाळीत. आगरकरांनी त्यांच्यावर आपली मते लादली नाहीत. साऱ्या महाराष्ट्राशी ज्याने बुद्धीसाठी भांडण मांडले, त्याने घरच्या माणसाच्या बुद्धीला हात लावला नाही! ज्याला विवेक खरोखर कळला त्याचे वागणे असे असते. देव मानणाऱ्या बापाला नास्तिक आगरकरांकडून एवढे घेता येण्यासारखे आहे.

आता आपल्या घरात पाहू.

श्रीतुकोबारायांच्या सावकारीची कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे आणि ती कीर्तनांतून सर्वांनी शेकडो वेळा ऐकली आहे. मात्र कीर्तनकार बहुधा तिचा एकच भाग रंगवून सांगतात. दुष्काळात घर बसले, बायको अन्न अन्न करून गेली, व्यापार बुडाला. तुकोबांचे मन प्रपंचावरून उठले, आणि वडिलांच्या वेळेपासून लोकांकडे येणे असलेली कर्जाची खते इंद्रायणीत बुडवायला ते निघाले. इथे टाळ्या पडतात. परंतु मध्ये धाकटे बंधू कान्होबा आडवे येतात. ते म्हणतात, दादा, तू साधू झालास, मला पोरेबाळे आहेत. मग काय होते? खतांचे दोन वाटे होतात. अर्धी खते कान्होबांना मिळतात आणि आपल्या वाट्याची तेवढी तुकोबा डोहात सोडतात.

या वाटणीपाशी जरा थांबावे. तुकोबा थोरले होते. वैराग्य श्रेष्ठ, सावकारी कनिष्ठ, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. सगळी खते बुडवली असती तर देहूत कोणी ‘नाही’ म्हणणारा नव्हता, आणि ऋणको मंडळींनी जयजयकारच केला असता. तरीही भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. स्वतःचे जे होते ते त्यांनी सोडले, आणि ते सोडल्याने जी उपासमार यायची ती स्वतः भोगली. भावाने काय सोडावे हे भावाकडे ठेवले. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि व्यक्तीची जबाबदारी यांवर यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आपले वैराग्य दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही. मग तो आपण सात वर्षांच्या पोरावर कसा घेतो?

खरेखोटे ठरवताना चार लोक काय म्हणतात याला मान न देता आपण आपल्या अंतःकरणाची साक्ष काढली, असे तुकोबा स्वतः सांगतात. तो अभंग वाचकांच्या कंठात आहे, इथे लिहीत नाही. बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार सोसून तुकोबांना गुरू मानले. त्यांच्या वतीने तो निर्णय कोणी केला नव्हता. आणि अरणचे सावतामहाराज तर मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असे आपण सांगतो. सावतोबांची कथा सांगायची आणि ‘या वर्षी मी येत नाही’ म्हणणाऱ्या पोराला धर्मबुडव्या ठरवायचे, हे कसे जमावे?

कोणी म्हणतील, ही संतांची गोष्ट झाली. त्यांचा अधिकार मोठा. सामान्य मुलाने गुरूच्या आणि वडिलांच्या आज्ञेत राहावे हेच बरे. हा आक्षेप हलका नाही. अठरा वर्षांच्या मुलाची बुद्धी पिकलेली नसते हे खरे. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन मडकी तपासली, तेव्हा देवाचे लाडके नामदेवही कच्चे निघाले. पण तीच कथा नीट पाहा. काकांनी प्रत्येक डोक्यावर वेगळी थापटी मारली. एकाचे पक्केपण दुसऱ्याला चालले नाही. ज्ञानोबारायांच्या संगतीत बसल्याने नामदेवांचे मडके भाजले गेले नाही. त्यासाठी नामदेवांना स्वतः उठून विसोबा खेचरांकडे जावे लागले. बापाच्या भक्तीने मुलाचे मडके भाजले जात नाही. फार तर आवा पेटता ठेवता येतो.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८४ साली लिहिलेल्या एका लहानशा निबंधात माणसाच्या आळसावर बोट ठेवले आहे. माझ्या वतीने पुस्तक समजून घेते, धर्मगुरू माझ्या वतीने सदसद्विवेक सांभाळतो, वैद्य माझे पथ्य ठरवतो. मग मी कशाला त्रास घेऊ, अशी माणसाची वृत्ती असते आणि म्हणून तो वाढूनही अज्ञानच राहतो, असा त्याचा रोख. आपल्याकडे ‘धर्मगुरू’च्या जागी ‘बुवा’ शब्द घातला की काम झाले. मी बुवांवर टीका करतो आहे असे नव्हे. चांगला बुवा माणसाला त्याच्या स्वतःच्या पायावर उभे करतो. त्याचे प्रमाण थेट गीतेत आहे.

अठरा अध्याय सांगून झाले. जे गुह्याहून गुह्य ते सांगून झाले. सांगणारा साक्षात भगवान, ऐकणारा शरण आलेला शिष्य. आता पुढचे वाक्य काय असावे? आपण असतो तर म्हटले असते, ‘एवढे सांगितले, आता मुकाट्याने ऊठ.’ भगवंत म्हणतात त्याचा अर्थ असा : हे सगळे नीट, काही न ठेवता तपासून पाहा आणि मग तुझ्या मनाला येईल तसे कर. हा अठराव्या अध्यायातला त्रेसष्टावा श्लोक. माउलींची ज्ञानेश्वरी घरोघर आहे, तेथे वाचावा. देवाने ज्ञान दिले, आणि निर्णय मात्र अर्जुनाच्या हातात परत दिला.

इथे जाणकार वाचक लगेच म्हणेल, ‘अहो, पण तीनच श्लोक पुढे सर्व धर्म टाकून मला एकट्याला शरण ये असे आहे ना? मग स्वातंत्र्य कुठे उरले?’ आमच्या मते या दोन श्लोकांचा क्रम हाच सगळ्याचा गाभा आहे. शरण जाण्याची हाक आली ती निवड हातात दिल्यानंतर. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काय किंमत? खुंटीला बांधलेले वासरू दावणीपाशी उभे असते, त्याला कोणी निष्ठावंत म्हणत नाही. आणि जो सहावा अध्याय माणूसच आपला मित्र आणि माणूसच आपला वैरी असे सांगतो, तो माणसावर केवढी जबाबदारी टाकतो! दैवावर, काळावर, घराण्यावर, संगतीवर काही ढकलायला जागाच ठेवत नाही.

हे सगळे केवळ पोथीतले नाही. संप्रदायाच्या इतिहासात यावर घासाघीस झाली आहे, आणि ती सांगायला लाजण्याचे कारण नाही. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे एवढीच मागणी. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, तिला नमस्कार करून सारे आत जात, आणि चोखोबांच्या जातीला मात्र आत मज्जाव! गुरुजींच्या विरोधात जे उभे राहिले त्यांत टाळ-मृदंगवालेही होते. आणि गुरुजींना उपोषणाला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. तेही वारकरीच. दोन्हीकडे माळा होत्या. तुळशीची माळ ज्याने त्याने काय ठरवायचे ते सांगत नव्हती; प्रत्येकाला आपल्या अंतःकरणाला विचारावे लागले. दहा मे रोजी उपोषण सुटले आणि त्याच वर्षी देऊळ खुले झाले. आज त्या वेळी विरोध करणाऱ्यांची बाजू मांडायला कोणी पुढे येत नाही. ‘वडील सांगत होते म्हणून’ हे उत्तर त्यांच्या नातवांना पुरत नाही.

साने गुरुजींनी १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक काढले. त्याच ‘साधने’चे संपादक १९९८ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. जादूटोणा आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झटत होते, आणि कॉलेजांतल्या मुलांनी विवेकाने विचार करावा म्हणून विवेकवाहिनीसारखे काम करीत होते. वारकऱ्यांतील काही संघटनांनी त्या कायद्याला कडाडून विरोध केला. वारी आणि कीर्तन यांवर गदा येईल अशी भीती घातली गेली. काही वारकरी कायद्याच्या बाजूनेही बोलले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना तो लागू नाही, असे त्या कायद्यातच म्हटले आहे. वारी पूर्वीसारखीच चालते आहे. त्या काळात किती जणांनी विधेयकाचा मसुदा स्वतः वाचला होता आणि किती जणांनी ‘वरून निरोप आला’ म्हणून मोर्चात पाऊल टाकले, हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे. मुलाच्या हातात विवेक द्यायचा नाही असे एकदा ठरवले, की तो पोरगा आपल्या निरोपावर चालेल तसा उद्या दुसऱ्या कोणाच्याही निरोपावर चालेल. ऐकण्याची सवय लावताना कोणाचे ऐकावे हे काही त्यात शिकवले जात नाही.

इतके लिहिले म्हणजे त्या पार्लेकर मुलाची सगळी बाजू आम्ही घेतली असे होत नाही. ‘माझे आयुष्य माझे’ यात अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे त्याला कोणी तरी सांगायला हवे. ज्या भाषेत तो ‘मी’ म्हणतो ती मराठी त्याने घडवलेली नाही. माउलींनी शके १२१२ त गीतेचा अर्थ मराठीत आणला तो ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी, म्हणजे त्याच्या खापरपणजीसाठी. आजोबांनी गिरणीत खस्ता खाल्ल्या नसत्या तर तर्कशास्त्राच्या तासाला बसणे झाले नसते. ज्याला घेणे दिसते आणि देणे दिसत नाही, त्याला जमाखर्चच कळला नाही. आणि जमाखर्च ही तर बुद्धीचीच गोष्ट आहे. रँडबाईंच्या कादंबरीतला नायक एकटाच उभा असतो. छान दिसतो. पण त्याला लहानाचे मोठे कोणी केले, आजारपणात त्याच्या उशाशी कोण बसले, हे तिथे फारसे येत नाही.

तसेच, समुदायात शिरले की व्यक्ती संपते, ही समजूतही तपासावी. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची मोठी छावणी विलेपार्ल्यातच पडली होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला यांच्यासारखी माणसे तिथे होती. त्या लढ्याची रीत काय होती? मिळून निघायचे, पण कायदा मोडला तो प्रत्येकाने आपल्या हाताने, पकडल्यावर नाव सांगायचे ते आपले, शिक्षा भोगायची ती आपली, आणि कोर्टात ‘मी केले नाही’ म्हणायचे नाही. हजारो माणसे एकत्र, आणि जबाबदारी मात्र एकेकाची. आपली दिंडी याहून फार वेगळी आहे काय? पताका पुढे, टाळकरी ओळीत, मृदंग, विणेकरी, मागे तुळशीवृंदावन घेतलेल्या माउल्या. ठेका एकच, पण पाय ज्याचे त्याने उचलायचे. दुसऱ्याच्या पायाने वाखरीला कोणी पोचले नाही.

मग शिकवायचे कसे? व्याख्यानाने नव्हे, हे तर न्यूयॉर्कच्या वर्गांनी दाखवलेच. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला विद्यार्थी माधुकरी मागून जेवतो. झोळी घेऊन परक्या दारात उभे राहण्याचा पहिला दिवस ज्याने काढला आहे त्याला विचारा, ग्रंथातला कोणता अध्याय त्याला तितका लागला. त्याच परंपरेतले सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत, तिथे प्राचार्यही झाले, आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहत. तर्क आणि टाळ एकाच हातात धरता येतात, हे त्यांनी आयुष्याने दाखवले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना त्यांची ओळख करून देणारे प्रवचनकार आज किती आहेत?

आमच्या मते उपनगरांतल्या मंडळांनी दोनतीन गोष्टी करून पाहाव्यात. प्रवचन झाल्यावर अर्धा तास पोरांनी प्रश्न विचारावेत. प्रश्न कसाही असो, ‘श्रद्धा ठेव’ एवढ्या उत्तरावर तो मिटवू नये. बुवांना उत्तर आले नाही तर तसे सांगावे. त्याने बुवा लहान होत नाहीत. दुसरे, दिंडीच्या भिशीचा हिशेब तरुणाकडे द्यावा. किती जणांचे पैसे आले, शिधा कितीचा, ट्रकचे भाडे काय, कोणाचे बाकी आहे, हे त्याने लिहावे आणि मुक्कामावर सर्वांसमोर वाचून दाखवावे. चूक निघाली तर त्यानेच भरून काढावी. बारा रुपयांची तूट सापडेना म्हणून रात्रभर जागलेल्या मुलाला जबाबदारीवर वेगळे पुस्तक द्यावे लागत नाही.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी माळ आहे तिथेच, ज्ञानेश्वरीवर राहू द्यावी. कपाटात टाकू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून रडू नये, आणि मुलाच्या ताटात त्यावरून टोमणा वाढू नये. रोज ग्रंथ उघडताना ती हाताने बाजूला ठेवावी लागेल. ठेवावी, आणि वाचून झाल्यावर परत वर ठेवावी. मुलगा पाहतोच आहे. त्याने काही विचारले तर आपण माळ का घातली हे त्याला सांगावे. ‘आमच्या वडिलांनी घातली’ हे उत्तर नव्हे हे त्या बापालाही एव्हाना कळले असेल. कदाचित स्वतःचे उत्तर शोधायला त्याला काही दिवस लागतील.

आणि जवळपास सप्ताह बसेल तेव्हा मुलाला विणेचा पहारा घेशील का, असे विचारावे. काही ठिकाणी माळ नसलेल्याच्या गळ्यात वीणा देत नाहीत. तिथल्या वडीलधाऱ्यांशी बापाने आधी बोलून घ्यावे. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे मुलाला ठाऊक असेलच. त्याला रात्री दोन ते चारची वेळ द्यावी. त्या वेळी मंडपात फारसे कोणी नसते. म्हातारी माणसे सतरंजीवर आडवी झालेली असतात, दिव्याभोवती पाखरे, आणि हा एकटा उभा. झोप आली म्हणून वीणा खाली ठेवता येत नाही, आणि न ठेवण्याचा हुकूम करायलाही समोर कोणी नसते. त्या दोन तासांत त्याला काय वाटले हे घरी आल्यावर खोदून विचारू नये. आणि त्याने पहाऱ्याला नकारच दिला, तर तो नकार शांतपणे ऐकून घ्यावा आणि त्याच्या वाट्याला दिलेल्या त्या दोन तासांना बापाने स्वतः जाऊन उभे राहावे.